सादळलेली ताकद

अमेरिकेहून सुट्टीवर येणाऱ्या मराठी माणसाच्या बॅगेत हल्ली चॉकलेटांच्या खालोखाल वजन असतं ते व्हिटॅमिनच्या बाटल्यांचं. पूर्वी या जागेवर परफ्यूम, शेव्हिंग क्रीम आणि बदाम असायचे. मग इकडे आईवडील पंचाहत्तरीला आले, भावंडांचे गुडघे बोलू लागले आणि बॅगेतला ऐवज बदलला. बाटली कॉस्टकोसारख्या घाऊक दुकानातली, तीनशे-चारशे गोळ्यांची. एवढी मोठी वस्तू एकट्यानं वापरणं आपल्या संस्कारात बसत नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी तिचं वाटप होतं. थोरल्या काकांना शंभर, आत्याला पन्नास, धाकट्या मावशीला पन्नास आणि समोरच्या आजी नेमक्या त्याच वेळी विरजण मागायला आल्या म्हणून त्यांना वीस.

बाटली एक आणि घरं पाच. त्यामुळे गोळ्या रवाना होतात त्या मुखवासाच्या बरणीतून, च्यवनप्राशच्या रिकाम्या डब्यातून किंवा नुसत्याच प्लास्टिकच्या पिशवीतून, वर रबर लावून. मूळ बाटली, घट्ट बसणारं मूळ झाकण आणि आतली सिलिका जेलची पुडी एकाच घरी राहते. तारीखही तिथेच. बाकीची घरं ती फोनवर विचारून घेतात. बाटलीवर ‘०३/०५/२७’ असं काहीतरी असतं आणि अमेरिकेत आधी महिना लिहितात की आधी तारीख, यावर दोन्ही बाजूंनी बोलणं होऊन शेवटी ‘अजून चिक्कार वेळ आहे’ या मुद्द्यावर फोन ठेवला जातो.

या साऱ्या प्रकरणात कोणाच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी, की ती तारीख काकांच्या बरणीसाठी नव्हतीच. तो कंपनीनं बंद बाटलीला दिलेला शब्द असतो. सील शाबूत, झाकण घट्ट, जागा कोरडी आणि थंड, असं असेल तर अमुक तारखेपर्यंत लेबलावर लिहिलेलं माप भरेल. हा शब्द देण्याआधी कंपन्या गोळ्या ठरावीक तापमानाच्या आणि ठरावीक दमटपणाच्या कपाटात महिनोन्‌महिने ठेवतात आणि अधूनमधून काढून तपासतात. अमेरिका-युरोपच्या हवेसाठी ते कपाट २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेवर लावलेलं असतं. उष्ण आणि अतिदमट देशांसाठीचा सर्वांत कडक निकष ३० अंश आणि ७५ टक्क्यांचा. आता जुलै महिन्यातलं रत्नागिरी डोळ्यासमोर आणावं, जिथे आर्द्रता नव्वदीच्या घरात असते आणि वाळत घातलेली बनियन तिसऱ्या दिवशीही विचारात पडलेली असते. किंवा मे महिन्यातलं चंद्रपूर, जिथे पारा ४५ च्या वर जातो. बाटलीवर ‘सामान्य तापमानाला ठेवा’ असं लिहिलेलं असतं, पण ते न्यू जर्सीतल्या दिवाणखान्याचं सामान्य असतं.

आणखी एक गंमत आहे. अमेरिकेत अशा पूरक गोळ्यांवर मुदतीची तारीख छापायची सक्तीच नाही. १९९४ सालच्या कायद्यानं या गोळ्यांना औषधांऐवजी अन्नाच्या पंगतीला बसवलं. तारीख छापलीच, तर ती खरी असल्याचा पुरावा कंपनीकडे असला पाहिजे, एवढंच. मात्र लेबलावर लिहिलेलं व्हिटॅमिन त्यापेक्षा कमी भरून चालत नाही. म्हणून कंपन्या हातचा धरतात. गोळी करतानाच व्हिटॅमिन थोडं जास्त घालायचं, म्हणजे गळती होऊन होऊन अखेरीला लेबलाइतकं उरेल. क, अ, ब१२ अशा नाजूक मंडळींचं जादा माप मोठं असतं. म्हणजे नवी कोरी बाटली उघडणाऱ्याला लेबलापेक्षा जास्त मिळतं आणि तळाच्या गोळ्या खाणाऱ्याला बेताचं. दुधाच्या पातेल्यातली साय पहिल्यांदा कोण काढतं यावरून भांडणाऱ्या घरांना ही माहिती देऊ नये हे बरं.

गळती होते म्हणजे नेमकं काय होतं, हे बघायला क जीवनसत्त्वाची साधी पांढरी गोळी सर्वांत चांगली. ताजी असते तेव्हा ती खडूसारखी स्वच्छ असते. उघड्या हवेत, दमटपणात राहिली की आधी कडेला फिकट पिवळी झाक येते, मग अंगावर तपकिरी ठिपके पडतात. टिचकी मारली तर पूर्वी खणखणीत वाजणारी गोळी आता बोटाला किंचित चिकटते. आतमध्ये ॲस्कॉर्बिक ॲसिडचा, म्हणजे क जीवनसत्त्वाचा, हवेतल्या ऑक्सिजनशी संसार सुरू झालेला असतो. पहिल्या पायरीवर त्याचं डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होतं. तिथवर फारसं बिघडलेलं नसतं, कारण शरीर त्याचं पुन्हा मूळ रूप करून घेऊ शकतं. त्याच्या पुढची पायरी उतरली की मात्र परतीचा रस्ता नाही. उरतं ते आंबट आठवण असलेलं एक निरुपयोगी रसायन. भारतात लोकप्रिय असलेल्या लिमसीसारख्या चघळायच्या गोळ्या मुळातच नारिंगी असतात, त्यामुळे तिथे ही पिवळी-तपकिरी कबुली दिसण्याची सोय नाही. काही लपवायचं म्हटलं की नारिंगी रंग फार कामाचा.

पाणी हा यातला खरा खलनायक आहे, आणि तो थेंबानं येत नाही, हवेतून येतो. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते ज्या कारणानं, त्याच कारणानं व्हिटॅमिनलाही सुटतं. प्रत्येक स्फटिकाची दमटपणाची एक हद्द असते. ती ओलांडली की तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि स्वतःच त्यात विरघळायला लागतो. मिठाची हद्द साधारण ७५ टक्के आर्द्रतेची. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या लिसा मॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली क जीवनसत्त्वाच्या बाबतीत हे मोजलं. त्याचा क्षार असलेल्या सोडियम ॲस्कॉर्बेटची हद्द ८६ टक्के, शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडची ९८ टक्के. ९८ म्हटल्यावर हायसं वाटतं, पण गोळीत एकटं ॲस्कॉर्बिक ॲसिड नसतं. साखर असते, क्षार असतात, स्वाद असतो, आणि असे दोन-चार पदार्थ एकत्र आले की सगळ्यांची मिळून हद्द प्रत्येकाच्या स्वतंत्र हद्दीपेक्षा खाली येते. शिवाय हवा नंतर कोरडी झाली, गोळी पुन्हा टणक झाली, तरी दरम्यान जे गेलं ते गेलंच. सादळलेला पापड तव्यावर शेकून वाचवता येतो. गोळीवर हा उपाय अजून कोणी केल्याचं ऐकिवात नाही, पण मराठी घरांचं काही सांगता येत नाही.

मॉअरबाईंच्या संशोधनाचा रोख न्हाणीघर आणि स्वयंपाकघर या दोन जागांवर होता, कारण अमेरिकेत गोळ्या बेसिनवरच्या आरशामागच्या कपाटात ठेवतात आणि शॉवर सुरू झाला की तिथल्या हवेत पाणीच पाणी होतं. आपल्याकडे औषधांच्या डब्याची पारंपरिक जागा वेगळी आहे. ती आहे फ्रीजच्या वर. क्रोशाचा रुमाल, त्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात क्रोसिन, आयोडेक्स, थर्मामीटर, एक सेफ्टी पिन आणि कॅल्शियमच्या गोळ्या. फ्रीज म्हणजे थंड, म्हणून फ्रीजच्या वर म्हणजे थंडाव्याच्या जवळ, असा त्यामागचा हिशेब असावा. प्रत्यक्षात फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो आणि गरम हवा वर जाते, त्यामुळे घरातल्या बऱ्यापैकी उबदार जागांत फ्रीजचं टकुरं मोडतं. ज्यांना हे कळलं ते शहाणे होऊन गोळ्या फ्रीजच्या आत ठेवतात. मग रोज सकाळी थंडगार बाटली बाहेर काढून गरम, दमट स्वयंपाकघरात उघडतात. थंड गोळ्यांवर हवेतलं बाष्प टपकन बसतं, झाकण लागतं, बाष्प आत राहतं. यापेक्षा फ्रीजच्या वरचं बरं होतं, असं म्हणायची वेळ येते.

बाटलीतल्या पुडीची कथा आणखी करुण आहे. सिलिका जेल नावाची ती बारीक खड्यांची पुडी हवेतलं पाणी ओढून धरते, आणि बाटलीच्या आतली हवा कोरडी ठेवणं एवढं एकच काम तिला येतं. तिच्यावर ‘खाऊ नका’ असं ठळक लिहिलेलं असतं. हे वाचून कर्त्या बाईंना पहिली आठवण येते ती नातवाची, आणि पुडी ताबडतोब केराच्या डब्यात जाते. काही घरांत ती फुकट घालवत नाहीत. शिवणाच्या डब्यात, कॅमेऱ्याच्या कव्हरात किंवा लग्नातल्या शालूच्या घडीत तिची बदली होते. गोळ्या सोडून सगळं कोरडं राहतं.

याउलट बाटलीच्या तोंडाशी असलेला कापसाचा बोळा मात्र भक्तिभावानं जपला जातो. गोळी काढली की बोळा परत आत. वास्तविक हा बोळा प्रवासात गोळ्या एकमेकींवर आपटून तुटू नयेत म्हणून असतो. बायर कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲस्पिरिनच्या बाटल्यांत तो घालणं सुरू केलं आणि १९९९ मध्ये, गोळ्यांवरचं आवरण पुरेसं चिवट झाल्यावर, बंद केला. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य पुस्तिका सांगतात की बाटली उघडली की कापूस आधी काढून टाका, कारण तो ओलावा धरून बसतो. म्हणजे जे टाकायचं ते जपलं जातं आणि जे जपायचं ते केरात.

भारतीय कंपन्यांना या सगळ्याचा अंदाज आधीपासून होता असं दिसतं. आपल्याकडे व्हिटॅमिनच्या गोळ्या बहुतेक पट्टीत येतात, आणि दहा किंवा पंधरा गोळ्यांची ती चकचकीत पट्टी म्हणजे दमट देशासाठी केलेली फार हुशार व्यवस्था आहे. एक गोळी काढली तर उरलेल्या नऊ जणींना त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येकीची खोली वेगळी, भिंती ॲल्युमिनियमच्या. तीनशे गोळ्यांची बाटली म्हणजे तीनशे वेळा उघडणारं एकच दार. त्यामुळे ‘तिकडची क्वालिटीच वेगळी’ म्हणून काका मेडिकलमधून आणलेली पट्टी बाजूला सारतात आणि बरणीतली सुट्टी गोळी घेतात, तेव्हा टिकण्याच्या बाबतीत तरी ते नफ्यातून तोट्यात उतरत असतात. अर्थात पट्टीलाही आपल्याकडे उतारा आहे. गिऱ्हाईक म्हणतं ‘चारच द्या’, मेडिकलवाला कात्री घेतो आणि तारीख छापलेलं टोक नेमकं कोणाच्या तरी दुसऱ्याच्या घरी जातं. पुढे ती चार गोळ्यांची तारीख नसलेली पट्टी वर्षानुवर्षं पाकिटात मिरवते. शिवाय आठवड्याच्या सात खणांची प्लास्टिकची डबी आली आहे. मुलं ती प्रेमानं आणून देतात आणि आई रविवारी सगळ्या गोळ्या पट्टीतून सोलून तिच्यात भरून ठेवते. सात दिवसांसाठी हे ठीकच आहे. काही उत्साही मंडळी महिन्याची डबी वापरतात, ती मात्र थेट मिठाच्या बरणीच्या शेजारी ठेवण्याच्या लायकीची.

सगळीच व्हिटॅमिनं सारखी हळवी नसतात. ड बऱ्यापैकी सोशिक. ई कॅप्सूलमध्ये बहुधा ॲसिटेटच्या रूपात घालतात, तेव्हा तेही पोक्तपणे वागतं. अ ला उजेड आणि हवा दोन्ही सोसत नाहीत. ब२, म्हणजे रायबोफ्लेविन, उष्णता चांगली सोसतं पण उन्हाची तिरीप पडली की ढेपाळतं. म्हणून तर बाटल्या गडद तपकिरी असतात, आणि म्हणून ती देखणी पारदर्शक बरणी खिडकीत ठेवणं ही शोभेची किंमत आहे. ब-कॉम्प्लेक्सची बाटली उघडल्यावर जो उग्र दर्प येतो तो मुख्यतः ब१ चा, थायमिनचा. तो ताज्या गोळीलाही येतो, त्यामुळे ‘वास येतोय, खराब झाल्या’ म्हणून फेकून देणारेही चुकतात आणि ‘वास येतोय म्हणजे अजून दम आहे’ म्हणणारेही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलबाबत मात्र नाकावर विश्वास ठेवावा. तेल खवट झालं की ते लपत नाही.

‘अ पासून झिंकपर्यंत’ सगळं एकाच गोळीत, अशी जाहिरात असते. पण इतक्या जणांना एका छताखाली आणलं की एकत्र कुटुंबात होतं तेच होतं. तांबं आणि लोह हे दोघे क जीवनसत्त्वाच्या मागे लागतात. त्यांच्यामुळे त्याचं ऑक्सिडीकरण फार वेगानं होतं. क जीवनसत्त्व स्वतः बिघडता बिघडता ब१२ ला त्रास देतं. कोरडेपणा असेल तोवर सगळे आपापल्या जागी निमूट असतात. हवेतलं थोडं पाणी आत शिरलं की हालचाल सुरू होते. कंपन्या यावर तोडगा म्हणून अ ला जिलेटिनच्या बारीक मण्यांत कोंडतात आणि क वर पातळ थर चढवतात. प्रत्येकाला वेगळी खोली दिली की भांडण कमी होतं, हे त्यांनाही अनुभवानंच कळलं असणार.

या गोळीतल्या कॅल्शियमवरची मुदत वाचताना मात्र हसू आवरत नाही. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुनखडीतला किंवा शिंपल्यातला चुना. चुनखडीचे थर कोट्यवधी वर्षं जमिनीत शांतपणे पडून असतात, डायनासोर येऊन जातात, हिमालय उभा राहतो, मग कोणीतरी त्यातला एक ग्रॅम काढून गोळी करतं आणि लिहितं, ‘वापरा : दोन वर्षांच्या आत’. खनिजं उडून जात नाहीत. तारीख असते ती गोळीच्या बांधणीची आणि सोबत असलेल्या ड जीवनसत्त्वाची.

ताकद टिकवायच्या नादात ताकदच घालवण्याचा मान अर्थात आपल्याकडे नाही. तो जेम्स लिंड यांचा. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर या डॉक्टरांनी स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग, झालेले बारा खलाशी निवडले, दोघा-दोघांना वेगवेगळे उपचार दिले आणि संत्री-लिंबं खाणारी जोडी सर्वांत आधी उठून उभी राहिली. इथवर उत्तम. पण लिंबं जहाजावर टिकत नाहीत, म्हणून लिंड यांनी रस तासन्‌तास गरम पाण्याच्या उष्णतेवर आटवून त्याचा पाक करायला सांगितला. पाक वर्षानुवर्षं टिकला. त्यातलं क जीवनसत्त्व मात्र मोठ्या प्रमाणात आधी आटवण्यात आणि मग साठवण्यात गेलं. बाटली उघडायच्या आधीच ताकद संपलेलं हे बहुधा पहिलं पूरक. पुढे १७९५ नंतर ब्रिटिश आरमारानं लिंबाचा रस वाटायला सुरुवात केली आणि स्कर्व्ही आटोक्यात आली. मग एकोणिसाव्या शतकात लिंबू बदलून वेस्ट इंडीजमधलं स्वस्त हिरवं लिंबू आणलं, त्यात मुळातच क कमी, त्यातून प्रक्रियेत तांब्याशी संबंध. परिणाम असा की १८७५-७६ च्या ब्रिटिश कप्तान नेअर्स यांच्या आर्क्टिक मोहिमेत जहाजावर रस वाटला जात असूनही माणसांना स्कर्व्ही झाली, आणि लिंबाच्या रसावरूनच लोकांचा विश्वास उडायला लागला.

तेव्हा खलाशांचा जीव त्या बाटलीतल्या उरल्यासुरल्या मिलिग्रॅमवर अवलंबून होता. आजच्या काकांचं तसं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं, स्त्रीला ६५. चघळायची एक गोळी ५०० ची. तिच्यातला पाचवा हिस्सा बरणीत उडून गेला असं धरलं तरी ४०० उरतात, म्हणजे पाच दिवसांची बेगमी. दिवसाला साधारण ४०० मिलिग्रॅम घेतलं की रक्तातली पातळी भरते आणि वरचं मूत्रपिंडं सरळ बाहेर काढतात. ब-कॉम्प्लेक्स घेतल्यावर न्हाणीघरात जो झगझगीत पिवळा रंग दिसतो तो याच उधळपट्टीतला रायबोफ्लेविनचा वाटा. थोडक्यात, बरणीतली गळती ही एकूण गळतीतली किरकोळ रक्कम आहे. जिथे माप काटेकोर असतं, तान्ह्या बाळाचे थेंब, गरोदर बाईचं फॉलिक ॲसिड, डॉक्टरांनी तपासणी करून दिलेलं ब१२, तिथे मात्र उघडल्याची तारीख बाटलीवर पेननं लिहावी आणि लेबल सांगेल तितक्याच दिवसांत ती संपवावी. पातळ औषधात पाणी आधीच आत असतं, ते बाहेरून यायची वाट बघावी लागत नाही.

२०२० सालच्या टाळेबंदीत क आणि झिंकच्या गोळ्या घराघरांत साठवल्या गेल्या. त्यातल्या काही पट्ट्या अजून बिस्किटांच्या डब्यात आहेत. जुनी व्हिटॅमिनची गोळी सहसा अपाय करत नाही, फक्त लेबलाला जागत नाही. पण मुदत संपलेली वस्तू फेकवत नाही आणि खाववतही नाही, अशी अवस्था आली की मराठी माणसाला बाल्कनीतल्या कुंड्या आठवतात. ई च्या कॅप्सूल टाचणीनं फोडून चेहऱ्याला जातात, कॅल्शियम तुळशीला आणि क च्या गोळ्या कुटून गुलाबाला. गुलाब काही बोलत नाही. सस्तन प्राण्यांत माणूस, माकडं, गिनीपिग आणि काही वटवाघळं अशा मोजक्यांनाच क जीवनसत्त्व बाहेरून घ्यावं लागतं. गुलाब ते स्वतःचं स्वतः तयार करतो, आणि त्याच्या काही जातींच्या फळांत तर ते इतकं ठासून भरलेलं असतं की अमेरिकेतल्या महागड्या बाटल्यांवर ‘गुलाबाच्या फळांसह’ असं मुद्दाम छापून चार पैसे जास्त घेतात.